कुवेत १९९० : दूतावास, पारपत्र आणि परतीची वाट

महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाड थाटलेल्या आम्हां मंडळींची अडचण फार तर रेशनकार्ड बदलून घेण्यापुरती असते. परंतु ज्या देशी पोटासाठी जावे, तो देशच एका रात्रीत नाहीसा झाला तर दाद कोणाकडे मागावी? १९९० साली कुवेतमधील सुमारे पावणेदोन लक्ष भारतीयांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांत केरळीय बहुसंख्य असले तरी गोमंतकीयही पुष्कळ होते.

२ ऑगस्ट रोजी इराकी फौजांनी कुवेत व्यापले. बँका बंद पडल्या, पुढे कुवेती दिनारही रद्द ठरला. त्याहून बिकट गोष्ट पारपत्राची. कामगारांची पारपत्रे मालकाच्या कपाटात ठेवण्याची तेथे रीत होती, आणि कित्येक मालक तर देश सोडून गेलेले! हा मनुष्य भारतीय आहे, एवढे सांगणारा सरकारी शिक्क्याचा तात्पुरता कागद देणे, हेच तेव्हा दूतावासाचे पहिले काम झाले. कारकुनी म्हणून हिणवले जाणारे हे काम त्या दिवसांत अन्नाइतकेच मोलाचे होते, असे आम्हांस वाटते.

कुवेत आता आपलाच प्रांत, सबब २४ ऑगस्टपर्यंत तेथील दूतावास बंद करावेत, असे इराकने फर्मावले. काही पाश्चात्त्य राष्ट्रांनी नकार दिला. त्यांचे वीजपाणी तोडण्यात आले. भारताने आपले कार्यालय बसऱ्यास हलविले. तत्पूर्वी परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले होते. त्या भेटीतील आलिंगनाचे छायाचित्र जगभर गाजले व टीकाही बरीच झाली. आमच्या मते ती टीका करणाऱ्यांचे आप्त कुवेतमध्ये अडकलेले नसावेत. कुवेतचा विमानतळ बंद होता. परतीची वाट बसरा-बगदादवरून वाळवंटातून जॉर्डनमधील अम्मानपर्यंत, सुमारे दीड हजार किलोमीटरची. इराकची मर्जी राखल्यावाचून ती खुली होणे नव्हते.

कुवेतमधील भारतीयांनीही समिती स्थापून याद्या केल्या, बसगाड्या ठरविल्या. सरहद्दीवरील छावण्यांत उन्हाचे व पाण्याचे हाल सोसून लोक अम्मानला पोहोचत. तेथून एअर इंडियाच्या विमानांनी ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लक्ष अकरा हजारांहून अधिक माणसे मायदेशी, मुख्यतः मुंबईस, आणली. २०१६ साली या प्रसंगावर ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात सरकारी यंत्रणेच्या वाट्यास फारसे श्रेय आले नाही. फाइलीवर शेरा लिहिणारा नायक पडद्यावर शोभत नाही, हेही खरेच.

माणसे परतली, पण साठविलेली पुंजी तिकडेच राहिली. १९९१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे नुकसानभरपाई आयोग नेमला. कुवेत सोडावे लागल्याबद्दल अडीच हजार डॉलरपासून पुढे ठराविक रकमा ठरल्या. दावे व्यक्तीने थेट न करता आपल्या सरकारमार्फतच करावयाचे होते. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयात खास कुवेत कक्ष उघडला गेला, आणि परतलेल्यांनी पुन्हा एकदा अर्ज भरावयास घेतले. पैसे हाती पडण्यास वर्षे लागली.