कॉलेजात दिव्यांग सवलत हवी? परीक्षेची वाट पाहू नका, प्रवेश घेतानाच अर्ज द्या

दिंडोशी : दिंडोशी मेट्रो स्थानकात लिफ्टने वर जाता येतं. पण कॉलेजात वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, असं असेल तर काय? अशा वेळी तळमजल्यावर वर्ग मागणं ही मेहेरबानीची विनंती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने दिलेला तो हक्क आहे. मात्र कॉलेजला अडचण आपोआप कळत नाही. ती लेखी कळवावी लागते, आणि वेळेत.

उशीर किती महागात पडतो, हे 2021 च्या ‘नीट’ परीक्षेत दिसलं. लेखनदोष (डिसग्राफिया) असलेल्या एका विद्यार्थिनीला मुंबईतील केंद्रावर एक तासाचा जादा वेळ नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 23 नोव्हेंबर 2021 रोजी न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. भरपाई कशी करायची, ते परीक्षा यंत्रणेने ठरवावं, असं सांगितलं. म्हणजे हक्क सिद्ध झाला, पण गेलेला तास परत मिळाला नाही.

काय मागता येतं?
- लेखनिक. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक स्वतः आणता येत होता किंवा परीक्षा घेणाऱ्यांकडे मागता येत होता. स्वतः आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावं, अशी त्या सूचनांत अट होती.
- जादा वेळ. दर तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.
- तळमजल्यावरची बैठक, मोठ्या अक्षरांतली किंवा ब्रेलमधली प्रश्नपत्रिका.
- प्रवेशात 5 टक्के राखीव जागा (सरकारी व अनुदानित संस्था) आणि कमाल वयात 5 वर्षांची सूट. यासाठी 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं.

40 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर?
तरीही दार बंद नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिकाचा हक्क दिला. त्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. लिहिण्यात अडचण असल्याचं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र मात्र लागतं.

अर्ज कसा करायचा?
अर्ज प्राचार्यांच्या नावे द्यावा आणि परीक्षा विभागाला प्रत जोडावी. दिव्यांगत्वाचं नाव लिहून थांबू नका. अडचण कुठे येते आणि नेमकं काय हवं, ते लिहा. ‘मला कमी दिसतं’ यापेक्षा ‘18 पॉइंटच्या अक्षरातली प्रश्नपत्रिका हवी’ हे कामाचं. युडीआयडी कार्डाची किंवा प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी ‘हो, बघू’ परीक्षेच्या दिवशी दाखवता येत नाही. मंजुरीही लेखीच मागा आणि ते पत्र हॉल तिकिटासोबत ठेवा.

नकार मिळाला तर?
सरकारी आणि अनुदानित संस्थेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : अर्ज कधी दिला होता? पोच हातात असेल, तर उत्तर तयार असतं.