बालसाहित्यातील जादूची मिठाई आणि साखरेमागील श्रम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बालसाहित्यातील जादूची मिठाई ही मुलाच्या अपुऱ्या इच्छेचे रूप असते. ही मिठाई घडविणाऱ्या हातांना त्या साहित्यात कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाश्चात्त्य परंपरा :
ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील हान्सेल व ग्रेटेल यांना रानात पावाचे घर दिसते. त्याच्या खिडक्या साखरेच्या असतात. दारिद्र्यापायी आईवडिलांनी सोडून दिलेल्या मुलांची ही कथा आहे. रोआल्ड डाल यांच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' (१९६४) मध्ये कितीही चोखली तरी न संपणारी गोळी आहे आणि चार्लीही अर्धपोटीच आहे. येथे कामगार दिसतात. परंतु मूळ आवृत्तीत ते आफ्रिकेतून आणलेले व कोकोच्या बियांवर राबणारे दाखविले होते. टीका झाल्यानंतर १९७३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांचे वर्णन बदलण्यात आले.

मराठी बालसाहित्य :
मराठीत दीर्घकाळ खाऊ घरातच होत असे. साने गुरुजींनी आपल्या कथामालेस 'गोड गोष्टी' हे नाव दिले. तेथे गोडी पदार्थात नसून गोष्टीत आहे. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे १९३३ मध्ये वालचंद हिराचंद यांनी साखर उद्योग उभारला व पुढे तेथील गोळ्या घरोघरी पोहोचल्या. कारखान्यातील गोळी परिचयाची झाल्यावरच राजा मंगळवेढेकरांच्या गीतातील चॉकलेटचा बंगला मराठी मुलांचे स्वप्न होऊ शकला. मात्र हा बंगला कोणी बांधला, हे त्या स्वप्नात विचारले जात नाही.

मराठवाड्याचा संदर्भ :
या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यात सापडते. दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुलेही कोपीवर राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात व वर्गाला मुकतात. अशा मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' निघाल्या. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील 'जनार्थ' या संस्थेनेही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशा शाळा चालविल्या. गोड नावाच्या या शाळेचा जन्म मात्र साखरेच्या कडू बाजूतून झाला.

निष्कर्ष :
जादूच्या मिठाईचे मूळ भुकेत आहे, हे वरील कथांवरून दिसते. जादू पदार्थ देते व त्यामागील श्रम झाकते. मुलांचे स्वप्न हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु चॉकलेटच्या बंगल्याशेजारी कोपीतील मुलाची गोष्टही पाठ्यपुस्तकात आली, तरच मराठी बालसाहित्य सर्व मुलांचे होईल.