जुना संच, त्याची संहिता आणि आपण

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदपत्रांचे जतन व्हावे म्हणून १९२७ मध्ये याच शहरात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. माळ्यावर, बळदात, वाण्याच्या पुड्यांत नष्ट होऊ घातलेला कागद हाच इतिहासाचा पुरावा आहे, हे राजवाड्यांनी महाराष्ट्राला शिकवले. त्यांच्या कार्याला धुळ्याने आश्रय दिला, याचा खानदेशास सार्थ अभिमान आहे. मात्र जुन्या कागदाची किंमत जाणणाऱ्या या मुलखात जुन्या यंत्राची किंमत अजूनही भंगाराच्या काट्यावर, किलोच्या भावानेच ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय अशा एका यंत्राचा, म्हणजे चित्रनळीच्या टीव्ही संचाचा आहे. आमच्यापैकी दोघे-तिघे धुळे आणि जळगाव येथे असे संच हौसेने दुरुस्त करतात. हे काम करताना जे प्रश्न पुढे आले, ते साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटणार नाहीत, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा इतिहास. दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्री आणि पुढे शेकडो किलोमीटरचे अंतर असल्याने तापीच्या खोऱ्यापर्यंत त्या पोहोचणे शक्यच नव्हते. पुण्याला वर्षभरात टीव्ही मिळाला, कारण सिंहगडावर प्रक्षेपक बसवता आला. खानदेशाला उपग्रहाची वाट पाहावी लागली. ऑगस्ट १९८३ मध्ये 'इन्सॅट-१बी' अवकाशात गेला आणि १९८४ च्या उत्तरार्धात देशभर जवळजवळ रोज एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. जिल्ह्याजिल्ह्यांत टीव्ही खऱ्या अर्थाने पोहोचला तो या लाटेत.

या उशिराचे दोन परिणाम झाले. मुंबईपुण्याच्या दिवाणखान्यांत सत्तरच्या दशकात जे व्हॉल्व्हचे संच होते, ते खानदेशात नव्याने फारसे आलेच नाहीत. इकडचा 'जुना टीव्ही' म्हणजे बहुधा ट्रान्झिस्टर आणि आयसी असलेला, ज्यात चित्रनळी ही एकच काय ती नळी, असा संच. दुसरा परिणाम सांस्कृतिक होता. मुंबईकर प्रेक्षक मराठी कार्यक्रमांच्या सोबतीने टीव्हीला सरावला. लघुशक्ती प्रक्षेपकांवरून सुरुवातीस मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रमच दिसत असे. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि पडद्यावर 'हम लोग'ची हिंदी, अशी भाषिक घडण त्या पिढीच्या वाट्यास आली. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा ज्या घरी संच असे त्या घरचा ओटा रविवारी सकाळी गल्लीच्या मालकीचा होई. लाकडी कपाटासारखा, पुढे सरकती शटरे आणि त्यांना कुलूप असलेला तो संच ही घरातली प्रतिष्ठेची वस्तू होती. तो बिघडला की मेकॅनिकला सन्मानाने बोलावणे जाई.

आता हा संच उघडल्यावर काय दिसते ते पाहू. चित्रनळीच्या मागील निमुळत्या गळ्यात तापलेल्या फिलामेंटजवळून इलेक्ट्रॉन सुटतात. दहा हजारांहून अधिक व्होल्टचा दाब त्यांना पडद्याकडे ओढतो आणि गळ्याभोवतीची तांब्याची वेटोळी त्या झोताला सेकंदाला पंचवीस वेळा ६२५ रेषांतून फिरवते. यात सर्वांत आधी दगा देतो तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आतला द्राव हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगावात, पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेल्या संचाची काय अवस्था होत असेल, याचा अंदाज यावरून यावा. म्हणून वर्षानुवर्षे बंद असलेला संच कधीही थेट प्लगला लावू नये. आधी आतली साठलेली वीज सुरक्षितपणे उतरवायची, कंडेन्सर तपासायचे, तडकलेले झाळ पुन्हा द्यायचे आणि मगच सिरीज बोर्डाच्या दिव्यातून त्याला जपून वीज द्यायची. जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय या वाटेला कोणी जाऊ नये, कारण संच बंद असतानाही नळीत जोरदार झटका देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.

धुळ्यातील एका स्नेह्यांच्या घरचा कृष्णधवल संच आम्ही उघडला, तेव्हा लाकडी पेटीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आढळल्या. कोणत्या साली कोणता भाग बदलला, एवढेच त्यात होते. अक्षर दोन निरनिराळ्या माणसांचे. फिलामेंटच्या वाटेवर मागाहून चढवलेले तारेचे तीन-चार वेढेही दिसले. चित्रनळी म्हातारी होऊन चित्र फिके पडू लागले की फिलामेंटला थोडा अधिक दाब देऊन तिच्याकडून आणखी काही वर्षे काम काढून घेण्याची ही जुनी युक्ती. कारखान्याच्या आराखड्यात हे वेढे नाहीत. तेव्हा ते काढून संच 'मूळ' करायचा की राहू द्यायचे?

पोथीवर काम केलेल्या वाचकाच्या लक्षात आले असेलच की हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. हस्तलिखितात लेखकूने समासात काही लिहिलेले असते, मध्येच एखादी ओवी घातलेली असते. संपादकाने ती प्रक्षिप्त म्हणून वगळावी की परंपरेचा भाग म्हणून जपावी? मराठीत या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण ज्ञानेश्वरीचेच आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. त्या शुद्धीपूर्वीचा पाठ शोधण्याच्या ध्यासातून राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. राजवाड्यांची ओढ मुळाकडे होती. वारकऱ्यांच्या नित्यपाठात मात्र नाथांनी सिद्ध केलेली परंपराच शतकानुशतके नांदली.

आम्हीही आरंभी मुळाचेच पक्षपाती होतो. आमचा विशेष राग होता तो 'चायना किट'वर. गेल्या काही दशकांत मूळ सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा मेकॅनिक मंडळींनी संचाच्या आतले सर्व सर्किट काढून त्या जागी बाजारात मिळणारे तयार चिनी किट बसवण्यास सुरुवात केली. पेटी जुनी, चित्रनळी जुनी, आतला जीव मात्र नवा. जळगावातील असा एक वीस इंची रंगीत संच आमच्या हाती आला, तेव्हा ते किट काढून टाकून मूळ बनावटीचे सर्किट कुठून तरी मिळवायचे, असा आमचा बेत होता. चाळीस वर्षे याच धंद्यात घालवलेल्या एका मेकॅनिकांना आम्ही तो बोलून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "हे किट टाकलं म्हणून तर तो संच पुढे सात वर्षं चालला, भाऊ. मूळचंच पाहिजे म्हणून बसलो असतो, तर त्याच दिवशी भंगारात गेला असता. मग तुम्ही आज काय उघडलं असतं?"

या प्रश्नाने आमचा बेत बदलला. ज्याला आम्ही प्रक्षेप म्हणत होतो, त्यानेच ती प्रत आमच्यापर्यंत आणली होती. किंबहुना त्या संचाचा खानदेशी इतिहास कोणता, तर तो किटच. कारखान्यातून तो निघाला तेव्हा त्याच्यासारखे हजारो होते, या गावाने त्याला कसे जगवले हे मात्र केवळ त्याच्याच पोटात लिहिलेले होते.

परदेशात ही हौस बरीच जुनी आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील हिलियार्ड येथे आरंभीच्या टीव्ही संचांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. तिकडचे काही हौशी लोक जुन्या कंडेन्सरचे कवच पोखरून त्यात नवा कंडेन्सर बसवतात, म्हणजे दिसायला सारे जुनेच राहते. हे कौशल्य थोर खरे, परंतु नोंद न ठेवता केले तर ते संपादकाने गुपचूप पाठ दुरुस्त करण्यासारखे आहे. आम्हांस त्याहून जवळचा आदर्श पुण्याचा वाटतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर निवडलेला पाठ आणि खाली सर्व पाठभेद छापलेले आहेत. संपादकाने निर्णय घेतला, पण वाचकाचा पुरावा हिरावून घेतला नाही. आता आम्ही काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून पेटीतच ठेवतो आणि काय, कधी, का बदलले याचा कागद सोबत जोडतो. ते तारेचे वेढे आणि ते किट दोन्ही जागच्या जागी आहेत.

एक अडचण मात्र कोणत्याही दुरुस्तीने सुटत नाही. दूरदर्शनचे जमिनीवरील अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि सामरिक महत्त्वाची काही मोजकी ठिकाणे वगळता ३१ मार्च २०२२ पर्यंत देशभरातून ते संपुष्टात आणण्याचे ठरले. छपरावरचा एरियल आता काहीच पकडत नाही. दुरुस्त संचाला सेट-टॉप बॉक्स आणि मॉड्युलेटर जोडावा लागतो, तेव्हा कुठे त्याच्या जुन्या चॅनेलवर चित्र उमटते. ज्या भाषेत हा संच ऐकत होता, ती बोलणारे कोणी उरले नाही आणि दुभाष्याखेरीज त्याला काही समजत नाही, अशी ही स्थिती आहे. लिपी वाचणारे संपल्यावर मोडी दप्तरांचे जे होते, ते येथे एका पिढीच्या आत घडले.

आमची खरी चिंता संचांची नाही. नळीच्या गळ्यावरील तांब्यासाठी भंगारात रोज चित्रनळ्या फुटतात, तरी काही वाचतील. ते संच ज्यांनी जगवले ती माणसे मात्र आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांनी आपली विद्या लिहून ठेवलेली नाही, कारण ती लिहिण्यासारखी आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नाही. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा अशा गावांत असे मेकॅनिक अजून भेटू शकतात. मराठीच्या विभागांतून बोलींचे आणि लोकगीतांचे संकलन होते, तसे या मंडळींच्या कामाचे, त्यांच्या शब्दांचे आणि आठवणींचे संकलन विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. वही, पेन आणि ध्वनिमुद्रक एवढे साहित्य पुरेल. राजवाड्यांनी याहून कमी साधनांवर, बरेचसे पायी हिंडून, आपले काम केले होते.