खुडूक कोंबडी आणि तीनशे अंडी

आता जरा खुराड्याकडे वळू. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देणार, लेगहॉर्न ३०० च्या आसपास. हा फरक नुसत्या खाद्याचा नाही बरं का! गावठी मधेच खुडूक बसते, २१ दिवस उबवते, मग पिलांमागे हिंडते. तेवढा काळ अंडी बंद. पैदासकारांनी पिढ्यानपिढ्या निवड करून ती खोडच काढून टाकली. शेडवाल्यांना ते सोयीचंच होतं, त्यांच्याकडे उबवणयंत्रं होती. परसातल्या बाईकडे मात्र खुडूक कोंबडी हेच यंत्र. पुढे हैदराबादची ‘वनराजा’ आली, परसासाठीच काढलेली. अंडी जास्त, पण सहसा खुडूक बसत नाही. म्हणजे पिलं दर खेपेला विकत! म्हणून कित्येक जणी तिचीही अंडी गावठीखालीच ठेवतात.