तुघलकाचा दात आणि बीडचं ऊन

आपण बीडचे आहोत असं पुण्यात कुणाला सांगितलं की गप्पा ऊसतोड, दुष्काळ आणि राजकारण यापलीकडे सरकत नाहीत. मी मग हळूच दाताचा विषय काढतो. महंमद तुघलकाच्या दाताची कबर आमच्याकडे आहे! दख्खनच्या स्वारीत बीडच्या मुक्कामी सुलतानाचा एक दात गेला आणि त्याने तो थाटामाटात पुरून वर इमारत बांधली, असं फिरिश्ता सांगतो. बीडच्या दक्षिणेला करजणी गावाजवळ टेकडीवर ती आहे.

ही गोष्ट ऐकून आमचा भाचा मित्रांना घेऊन करजणी आणि पुढे बालाघाटचे डोंगर पायी हिंडायला निघालाय. कधी? तर म्हणे मे महिन्यात. सुट्टी असते ना!

बाबा रे, दात राहू दे, आधी तुघलकाचा रस्ता बघ. १३२७ साली त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. अख्खी दिल्ली हलवली नव्हती, मुख्यतः उमराव, उलेमा, सूफी अशी मंडळी हलवली, असं आता बरेच इतिहासकार मानतात. पण हजार किलोमीटरच्या वर चाल होती आणि वाटेत पुष्कळ माणसं मेली, हे बरनीने लिहून ठेवलंय. इसामी तेव्हा सोळाएक वर्षांचा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा दिल्लीजवळ तिलपतला, पहिल्याच मुक्कामी गेले. पुढे इसामीने दौलताबादेत बसून सुलतानाला पोटभर शिव्या घातल्या, त्या मला तरी समजू शकतात.

गंमत अशी की त्याच रस्त्याचं इब्न बतूताने कौतुक केलंय. चाळीस दिवसांची वाट, दुतर्फा झाडं, बागेतून चालल्यासारखं वाटावं! म्हणजे सावली होती, मुक्काम होते, पाठीशी राज्याचा खजिना होता. तरीही म्हातारी माणसं त्या चालीत टिकली नाहीत.

आपल्याकडच्या पायी चालणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय कळलेलं होतं. मुक्ताईची पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघते आणि बीडवरूनच पंढरपूरला जाते. पाऊस लांबला तर ज्येष्ठातलं ऊन वैशाखालाही लाजवतं. तेव्हा वारकरी काय करतात? अंधारातच पाय उचलायचे, ऊन चढलं की विसावा, वाटेत गावोगाव पाणी. 'विसावा' हा शब्द मला फार आवडतो. ट्रेकिंगच्या वेळापत्रकात तो सापडत नाही.

यात शास्त्रही आहेच. उन्हात चढण चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि तहान त्याच्या मागून रखडत येते. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसून भागत नाही. शरीराचा पारा चाळीसच्या वर गेला की माणूस असंबद्ध बोलायला लागतो. सोबतचे हसतात, चेष्टा करतात, आणि नेमका तोच वेळ हातचा जातो. तेव्हा त्याला सावलीत आडवं करायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. मे महिन्यात बालाघाटच्या उघड्या माळावर ना सावली, ना ओढ्याला पाणी. मग हे करणार कशाने?

आणि यासाठी डोंगरच चढायला हवा असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच आठवड्यात आष्टी तालुक्यातल्या साबळखेडला बारा वर्षांची एक मुलगी पाणी भरत होती. पारा चाळिशीपार होता. हातपंप घरापासून फार लांब नव्हता. ती एकामागून एक खेपा घालत राहिली आणि हातपंपापाशीच कोसळली. दवाखान्यात नेलं, पण वाचली नाही.