व्हिडिओ गेम संगीत

व्हिडिओ गेमसाठी रचलेले किंवा त्यात वापरलेले संगीत. नाट्यसंगीत किंवा चित्रपटसंगीताप्रमाणे हे नावही वापराच्या जागेवरून पडले आहे. त्यामुळे जाझ, सिंफनी, टेक्नो, मेटल, लोकसंगीत असे नाना प्रकार त्यात एकत्र नांदतात. त्याचे वेगळेपण खेळणाऱ्याच्या कृतीशी असलेल्या नात्यात आहे.

आरंभ : तैतो या जपानी कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) चार उतरते स्वर सतत वाजत राहतात आणि आक्रमण पुढे सरकते तशी त्यांची लय वाढते. संगीताने खेळाच्या गतीला दिलेला हा आरंभीचा प्रतिसाद होय.

चिपचे संगीत : निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रात (१९८३) आवाजाच्या पाचच वाहिन्या होत्या, तर कमोडोर ६४ संगणकाच्या (१९८२) ‘सिड’ चिपमध्ये तीन. एका वाहिनीवर एकाच वेळी अनेक स्वर वाजवणे शक्य नसल्याने रचनाकार ते झपाट्याने एकामागून एक वाजवत आणि कानाला एकत्रित स्वरमेळाचा भास होई. थोडक्या जागेत साठवलेली सुरावट पुनःपुन्हा वाजायची असल्याने ती ठसठशीत आणि न कंटाळवणारी असावी लागे. कोजी कोन्डो यांचे लॅटिन धाटणीच्या ठेक्याचे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत (१९८५) याचा उत्तम नमुना आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत निवड केली. हा मान मिळालेले ते पहिले गेम संगीत. चिपच्या या नादातूनच ‘चिपट्यून’ हा स्वतंत्र संगीतप्रकार उदयास आला.

प्रकारांचा विस्तार : कोइची सुगियामा यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी (१९८६) पाश्चात्त्य अभिजात संगीताची वाट धरली. युझो कोशिरो यांनी ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’मध्ये (१९९१) क्लबांतील हाउस आणि टेक्नो आणले. ‘डूम’मध्ये (१९९३) मेटलची छाप दिसते. नोबुओ उएमात्सू यांनी ‘फायनल फॅन्टसी ७’च्या (१९९७) अखेरच्या लढतीत लॅटिन भाषेतील समूहगायन योजले. पुण्यात घडलेल्या ‘राजी’ (२०२०) या खेळात भारतीय वाद्यांचा नाद ऐकू येतो.

रचनातंत्र : चित्रपटातील दृश्याची लांबी ठरलेली असते, खेळाडू मात्र एका जागी दोन मिनिटे थांबेल किंवा तासभर. म्हणून गेमचे संगीत आवर्तनांत बांधतात, थरांत विभागतात आणि प्रसंगानुसार थर चढवतात-उतरवतात. ‘मंकी आयलंड २’साठी (१९९१) मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल यांनी विकसित केलेल्या ‘आयम्यूज’ प्रणालीमुळे स्थळ बदलताच एक सुरावट दुसरीत सहज मिसळू लागली.

मान्यता : ‘सिव्हिलायझेशन ४’साठी (२००५) ख्रिस्तोफर टिन यांनी रचलेल्या स्वाहिली गीताला २०११ मध्ये ग्रॅमी मिळाले. गेम संगीताच्या स्वतंत्र विभागातील पहिले ग्रॅमी २०२३ मध्ये स्टेफनी इकोनोमू यांना लाभले. एकाच विभागात वाद्यवृंद, मेटल आणि इलेक्ट्रॉनिक संगीत शेजारी बसत असल्याने अशा रचनेची ओळख दोन अंगांनी करावी लागते : तिचा संगीतप्रकार कोणता आणि खेळाडूच्या हालचालीला ती कसा प्रतिसाद देते.