वेरूळचा पाषाण आणि रेयुनियनचा ज्वालामुखी

वेरूळची लेणी आणि देवगिरीचा तासलेला कडा ज्या काळ्या पाषाणात आहेत, तो ज्वालामुखीतून बाहेर पडून थिजलेला लाव्हा होय, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. हा लाव्हा ज्या उगमातून आला, तोच उगम हिंदी महासागरातील रेयुनियन बेटाखाली आजही जागृत आहे, असे विधानही अलीकडे तितक्याच सहजतेने केले जाते. हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि तो पुरावा कोठे अपुरा पडतो, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बेटाचा विचार करू. मादागास्करच्या पूर्वेस, सुमारे २१ दक्षिण अक्षांशावर असलेले रेयुनियन हे फ्रान्सच्या अधिपत्याखालील बेट दोन ज्वालामुखींनी घडविले आहे. त्यांपैकी वायव्येचा पितों दे नेज हा अधिक जुना. त्याच्या उघड्या खडकांचे वय वीस लाख वर्षांहून थोडे अधिक भरते आणि तो आता शांत आहे. आग्नेयेच्या पितों द ला फुर्नेझचे वय सुमारे पाच लाख वर्षे असून त्याची उंची २,६३२ मीटर आहे. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदले गेले. बहुतेक उद्रेक शिखराभोवतीच्या निर्जन खळग्यातच झाले. १७०८, १७७४, १७७६, १८००, १९७७ व १९८६ या सहा वर्षी मात्र लाव्हा त्या खळग्याबाहेर फुटला. १९७७ साली तो पितों-सेंट-रोझ या गावात शिरला. एप्रिल २००७ मध्ये शिखरावरील विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खचला. येथे इतिहासाला मानवी साक्षीदार आहेत.

दख्खनच्या लाव्ह्याला असा साक्षीदार नाही. पाषाण हाच येथील एकमेव दस्तऐवज होय. कर्नल साइक्स यांनी १८३३ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनच्या आडव्या थरांचे वर्णन मांडले. पुढे १८६७ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी या थरांचा व त्यांच्यामध्ये सापडणाऱ्या गाळाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. हा लाव्हा समुद्राखाली नव्हे, तर उघड्या जमिनीवर पसरला, हे मत अशा अभ्यासातून दृढ झाले. तथापि या खडकाचा एखाद्या दूरच्या बेटाशी संबंध असेल, अशी कल्पना करण्यास त्या काळी आधारच नव्हता. भूखंडे स्थिर आहेत, हे गृहीत धरूनच सर्व विचार चालत असे.

ते गृहीत डळमळीत करण्यात दख्खनच्या पाषाणाचाच मोठा वाटा आहे. लाव्हा निवताना त्यातील लोहयुक्त कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात आणि त्या दिशेच्या उतारावरून अक्षांश काढता येतो. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली आणि डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस निवला, असा निष्कर्ष निघाला. १९७१ साली जेसन मॉर्गन यांनी पृथ्वीच्या खोल भागातून वर येणाऱ्या उष्ण स्तंभांची कल्पना मांडली. स्तंभ स्थिर राहतो व वरचे भूपट्ट सरकते. म्हणून मागे ज्वालामुखींची रांग उरते, असे तिचे सार होय.

या कल्पनेची कसोटी १९८७ मध्ये लागली. महासागराच्या तळाला छिद्रे घेऊन काढलेल्या लाव्ह्याचे वय मालदीवजवळ सुमारे ५ कोटी ७० लाख, तर चागोसजवळ सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षे भरले. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, तर मॉरिशसचे जुने खडक सुमारे ९० लाख वर्षांचे आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे वय क्रमाने घटत जाते. एवढी सुसंगती केवळ योगायोगाने घडावी, हे संभवत नाही.

तरीही एक विसंगती उरते. चुंबकीय मोजमापांनुसार दख्खनचा लाव्हा सुमारे ३० दक्षिण अक्षांशावर निवला. रेयुनियन मात्र २१ वर आहे. हा फरक सुमारे एक हजार किलोमीटरचा असल्याने मोजमापातील किरकोळ चूक म्हणून तो सोडून देता येत नाही. उष्ण स्तंभ स्वतःच सरकला असावा, किंवा पृथ्वीचा संपूर्ण घन भाग तिच्या अक्षाच्या संदर्भात किंचित कलला असावा, अशी दोन स्पष्टीकरणे पुढे आली आहेत. त्यांपैकी कोणतेही स्वीकारले, तरी स्तंभाचा अक्षांश अचल राहिला, हे गृहीत सोडावे लागते.

यावरून असे म्हणता येईल की उगमाची एकता हे उपलब्ध पुराव्याचे सर्वांत समाधानकारक वाचन आहे. ते प्रत्यक्ष पाहिलेले सत्य नव्हे. ताम्रपटातील तिथी आणि शिलालेखातील स्थळ यांचा मेळ न बसल्यास इतिहासकार दोहोंपैकी एक लपवून ठेवीत नाही. वयाची रांग आणि अक्षांशाची विसंगती या दोन्ही गोष्टी आपल्या विद्यार्थ्यांपुढे एकत्रच मांडल्या गेल्या पाहिजेत. रेयुनियनच्या ज्वालामुखीच्या इतिहासाचे पहिले प्रकरण वेरूळच्या डोंगरात आहे, असे म्हणावयाचे असेल, तर त्या प्रकरणाच्या समासात ही नऊ अंशांची टीप लिहून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.